मी न पाडलेला भाग

१

जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. हे मला कळतं आणि तरी मी तेच करतो, कारण दुसरं काही मला येत नाही. ज्या यंत्रांचे कारखानदार कधीच गाशा गुंडाळून गेले, पण यंत्रं मात्र मरायला तयार नाहीत, त्या यंत्रांना जोडलेले डबे माझ्याकडे येतात. नव्या कॉम्प्युटरचं ती यंत्रं ऐकत नाहीत. म्हाताऱ्यांचं म्हाताऱ्यांशीच जमतं.

या वेळचा पिवळट डबा काचवाल्याचा होता. तो चष्म्याच्या काचा घासून देतो आणि त्याचं घासायचं यंत्र या डब्याशिवाय हलत नाही. आतली हार्ड डिस्क गेली होती. माझ्याकडे त्याच काळातली एक डिस्क पडून होती, कोरी, पाकीटसुद्धा न फोडलेली. काम तसं सरळ होतं. डिस्क जोडायची, फ्लॉपीवरून कॉम्प्युटर सुरू करायचा, डिस्कचे दोन भाग पाडायचे. एकात काचवाल्याचा प्रोग्राम, दुसऱ्यात त्याच्या गिऱ्हाइकांच्या चष्म्यांचे नंबर. भाग पाडल्याशिवाय एवढी मोठी डिस्क त्या डब्याला झेपत नाही. घास करूनच भरवावं लागतं. जेवणाआधी उरकेल असं मी काचवाल्याला सांगून बसलो होतो, आणि तिथेच माझी जीभ कापायला हवी होती.

शेजारच्या खोलीत आत्या होती. मला तिनेच वाढवलं. आता घरात आम्ही दोघंच, आणि तिच्या खुब्याचं हाड मोडल्यापासून दीडच म्हणा. ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की तिने एका कुशीवरच पडून राहायचं, गुडघ्यांत उशी ठेवून. झटक्यात वळली तर सांधा निखळेल, आणि निखळला तर या वयात पुन्हा भूल देता येणार नाही. त्यापुढचं ते बोलले नाहीत. म्हणून तिची खाट भिंतीला लावलेली, तिचं तोंड भिंतीकडे, आणि मधलं दार सताड उघडं. जरा सरकायचं झालं तरी तिने हाक मारायची आणि मी जायचं. तिचं वजन पेलताना माझ्या पाठीचा काटा ढिला व्हायचा.

"झालं का रे तुझं खुडखुड?" ती तिकडून म्हणाली.

"आत्ताशी स्क्रू काढतोय."

"लग्न केलं असतंस तर तिने तरी स्क्रू आवळले असते तुझे."

२

कॉम्प्युटर सुरू झाला. मेमरी मोजण्याची टिकटिक, फ्लॉपीची खरखर, पंख्याची घरघर. हे आवाज मला झोपेतही ओळखू येतील. भाग पाडायचा प्रोग्राम उघडला आणि डिस्क दाखवायला सांगितलं.

कोऱ्या डिस्कवर एक भाग आधीच पाडलेला होता.

अगदी लहान, डिस्कच्या शेवटच्या टोकाला. त्याला नाव नव्हतं, आणि कुठल्या प्रकारचा ते प्रोग्रामला ओळखता येत नव्हतं. मला पहिल्यांदा आला तो राग. पाकीट न फोडलेली डिस्क म्हणून मी जपून ठेवली होती, आणि कोणीतरी वापरून पुन्हा चिकटवलेली दिसत होती. मग स्वतःलाच समजावलं की कारखान्यात तपासणी करताना राहिला असेल. पुसायचा आणि पुढे जायचं. पुसला. नक्की का, असं प्रोग्रामने विचारलं. या प्रश्नाला मी इतकी वर्षं न वाचताच 'हो' म्हणत आलोय.

"पायावर नको बसूस माझ्या," आत्या म्हणाली. "तिकडे सरकून बस."

"मी इकडे आहे, आत्या!"

गोळ्यांनी तिला गुंगी यायची, तेव्हा ती काहीबाही बोलायची. मी मनावर घेतलं नाही.

मग माझे दोन भाग पाडले. भाग पाडून झाले, की कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, तेव्हाच ते पक्के होतात. केला. पुन्हा टिकटिक, पुन्हा खरखर. डिस्क उघडून बघतो तर माझे दोन भाग गायब, आणि तो शेवटच्या टोकाचा भाग जागच्या जागी. आधीपेक्षा मोठा.

३

आता यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. चिडण्यासारखं होतं, आणि मी मनसोक्त चिडलो. केबल बदलली. डिस्कच्या पाठीमागची ती पिटुकली टोपी, जंपर, चिमट्याने काढून दुसऱ्या जागी लावली. ती हातातून निसटून टेबलाखाली गेली, आणि मी गुडघ्यांवर रांगत, आईबापांचा उद्धार करत ती शोधली. डिस्क काढून माझ्या रोजच्या कॉम्प्युटरला लावली. तिथे ती स्वच्छ कोरी दिसली. टोकाला काही नाही, कुठेच काही नाही. परत पिवळट डब्याला लावली. तो भाग हजर.

म्हणजे दोष डब्यात. छान. डब्यातला दोष म्हणजे जुनी मेमरी, जुनी बॅटरी, सुकलेले जोड, आणि काचवाल्याची साडेसाती. मी एकेक करून सगळं पुसलं, काढलं, बसवलं. मधेच फोन वाजला.

"येऊ का न्यायला?" काचवाला.

"तुम्ही येऊन काय दिवे लावणार? होतंय."

"सकाळीही होतच होतं, साहेब. लोक आंधळ्यासारखे बसलेत दुकानात."

"मग त्यांना माझ्याकडे पाठवा, मलाही काही दिसत नाहीये."

फोन ठेवला आणि पुन्हा तो भाग पुसला. या वेळी मी थांबून कान दिला. का ते सांगता येणार नाही. तिकडे खाटेच्या पट्ट्या करकरल्या. आपण कडेला टेकल्यावर करकरतात तशा. आत्याने कूस बदललेली नव्हती, तिला ती बदलता येतच नव्हती.

"आलास?" ती म्हणाली. "बस."

मी उठून दारात गेलो. आत्या भिंतीकडे तोंड करून, होती तशीच. पांघरूण पावलांपर्यंत नीट. पण पायाकडच्या बाजूला गादी दबलेली होती. ताटाएवढा खळगा.

आत्याची गादी जुनी आहे. जुन्या गादीला खळगे असतात. मी हाताने तो सारखा करायला वाकलो आणि हात लावायचं टाळून परत फिरलो. गादी थोपटत बसायला मला वेळ नव्हता.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. टिकटिक संपली तशी तिकडे खाट करकरली, आणि आत्या म्हणाली, "लगेच उठलास? बसला असतास जरा."

डिस्कवर तो भाग परत आला होता. आता पाव डिस्क त्याची होती.

४

दिली ओसरी, हातपाय पसरी, असं आत्याच म्हणते. माझं आणि त्या भागाचं तसंच चाललं होतं. मी पुसायचो, तो मोठा होऊन परत यायचा. आणि तो पुसलेला असायचा तेवढा वेळ आत्या कोणाशी तरी बोलत असायची.

हे मला आपोआप दिसलं असं नाही. मी ते बघायचं नाही म्हणून बरीच धडपड केली. गोळ्यांची गुंगी आहे, योगायोग आहे, खाट जुनी आहे, माझ्या पोटात सकाळपासून काही नाही. एकेक कारण चोख होतं. पण यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला एक खोड असते. दोन गोष्टी बरोबर बिघडल्या की तो त्यांच्यातली तार शोधतो. पुसला की तिकडे खाट करकरते. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला की तिकडे गादी वर येते आणि इकडे भाग दिसतो. मी तीच चाचणी पुन्हा केली आणि पुन्हा तेच झालं. मग मला घाम फुटला, आणि घामाचा मला भयंकर राग आला.

"आत्या," मी माझ्या खुर्चीतून ओरडलो, "तिथे कोणी आहे का?"

"तूच आहेस की. दुसरं कोण असणार?"

"मी इकडून बोलतोय."

"हो रे बाबा, तू इकडूनही बोल आणि तिकडूनही बोल. तुझ्या वाटणीचं मी मेलीने ऐकायचंच ठरलेलं आहे." आणि हसली. बऱ्याच दिवसांनी इतकी मोकळी हसली.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "किती दिवसांनी बसलास रे माझ्याजवळ."

हे मला लागलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून मी तिला उचलत होतो, पुसत होतो, गोळ्या देत होतो. पण नुसता तिच्या खाटेवर बसलो नव्हतो. वेळच नव्हता. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचाही राग आला, आणि तो सगळा राग मी त्या डिस्कवर काढायचं ठरवलं.

५

माझ्याकडे एक फ्लॉपी आहे जी मी सहसा वापरत नाही. तिच्यातला प्रोग्राम भागबीग बघत नाही. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत अख्ख्या डिस्कवर नुसती शून्यं लिहीत जातो. मागे काही उरत नाही. एरंडाचं झाड तोडत बसण्यापेक्षा मुळासकट उपटावं, तसा हिशोब. सगळं कायमचं जाईल, नक्की का, असं पडद्यावर आलं. नक्की, म्हटलं, आणि कळ इतक्या जोरात दाबली की ती बसलेली वर येईना.

डिस्क फिरू लागली. बारीक, एकसुरी शिट्टीसारखा आवाज. पडद्यावर एक पट्टी डावीकडून भरत निघाली.

तिकडे खाट करकरली.

"आता निवांत बैस," आत्या म्हणाली. मग थांबली. कोणीतरी उत्तर देईपर्यंत माणूस थांबतो तेवढी. "हो ना. मीही तेच म्हणते." पुन्हा थांबली. "लहानपणी तू असाच बसायचास. बोलायचा नाहीस, नुसता टेकून बसायचास."

मला दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नव्हता. पंखा, डिस्क, आणि तिच्या वाक्यांमधल्या रिकाम्या जागा. मी खुर्चीत खिळून पट्टीकडे बघत होतो. संपू दे, म्हणत होतो. संपलं की मुळासकट जाईल. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या घराच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकत होतं, आणि मला त्या माणसाचा हेवा वाटला.

पट्टी अर्ध्यावर आली तशी आत्याची वाक्यं तुटायला लागली. "जरा सरक रे... नाही, भिंत आहे तिकडे माझ्या." मग, "तुझे हात किती गार पडलेत." मग धाप लागल्यासारखं, "अरे, श्वास घ्यायला तरी जागा दे."

मी उठलो.

६

दारातून मला दिसलं ते मी जसं दिसलं तसं सांगतो.

गादी पायांपासून तिच्या कमरेच्या वरपर्यंत दबलेली होती, माणूस कुशीवर लवंडावा तेवढ्या लांबीत. आत्या भिंतीला चिकटलेली होती, कपाळ भिंतीला टेकलेलं. गुडघ्यांतली उशी खाली पडली होती. तिचा वरचा हात पाठीमागे आलेला आणि पांघरुणावर पालथा ठेवलेला. त्या हाताची बोटं फाकलेली होती आणि किंचित वाकलेली, मधल्या जागांत दुसऱ्या कोणाची बोटं असावीत तशी. तिच्या बोटांच्या कडांचं मांस दाबाने पांढरं पडलेलं मला दारातून दिसत होतं.

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण तिच्या लेखी मी तिच्या पाठीशी होतो. मी दारातून हाक मारली असती तर तिला कळलं असतं की आपण हात धरलाय तो माझा नाही, आणि ती दचकून वळली असती. डॉक्टरांनी न बोललेलं सगळं तेव्हा मला ऐकू आलं. मी हाताची मूठ तोंडावर दाबून उलट्या पावली मागे आलो. आयुष्यात इतकं हलकं पाऊल मी कधी टाकलं नसेल.

टेबलाशी आल्यावर भिंतीतली पिनच उपटली. डबा मुका झाला. तिकडे काहीच बदललं नाही. बदलणार कसं? पट्टी अर्ध्यावरच होती, पण भागांची नोंद डिस्कच्या पहिल्या टोकाला असते, ती मी केव्हाच पुसून टाकली होती. त्याला परत जायला इकडे काही ठेवलंच नव्हतं.

पिन लावली. टिकटिक. खरखर. जन्मात ती टिकटिक इतकी सावकाश झाली नसेल. डिस्क उघडली, कोरी करकरीत. मी भाग पाडायचा पर्याय घेतला. केवढा पाडू? या भल्या प्रश्नाला मी सवयीने एखादा आकडा ठोकला असता. या वेळी पूर्ण डिस्क दिली. सगळी. काचवाला गेला खड्ड्यात. घे बाबा, म्हटलं, चक्क मोठ्याने म्हटलं, घे सगळी जागा, पण तिला सोड.

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तिकडे खाटेने एक लांब कुरकुर केली. मी डिस्क उघडून पाहिली. आत्ता पाडलेला, अजून फॉरमॅटही न केलेला भाग. त्यात काही असायला नको. पडद्यावर दाखवत होतं की तो भाग भरलेला आहे, अगदी काठोकाठ नाही, पण बराचसा.

फोन वाजत होता, तो मी बंद केला.

७

आत्याच्या खोलीत गेलो. गादी सपाट होती. मी हातानेच पाहिली, या वेळी थोपटून, दाबून, सगळी. उशी उचलली आणि तिच्या गुडघ्यांत नीट बसवली. मग मी जे इतके दिवस केलं नव्हतं ते केलं. खाटेवर तिच्या पाठीशी बसलो आणि तिचा हात हातात घेतला.

"आता कसा उबदार लागतोस," ती म्हणाली.

"दुखलं का कुठे?"

"नाही रे. आज काहीच दुखत नाहीये." तिचा आवाज स्वच्छ होता, गोळ्यांची गुंगी अजिबात नव्हती. "काय करत होतास इतका वेळ तिकडे? सारखा उठून जायचास."

"काचवाल्याचं काम. नाही होत ते. देतो परत त्याला."

"देऊ नकोस," आत्या म्हणाली.

मला वाटलं ती थट्टा करतेय. मी वाट पाहिली, पण पुढची थट्टा आली नाही. खोलीत बराच उजेड होता. शेजारच्या खोलीतून डिस्कचा आवाज येत होता. मी त्या डिस्कला कुठलंही काम दिलेलं नव्हतं.

"का देऊ नको?"

"मघाशी मी तुझ्या कानात विचारलं ना. म्हटलं, या भिंतीकडे बघून बघून मला वीट आला, मला घेऊन चल तुझ्याकडे. तू लगेच हो म्हणालास. म्हणालास, जागा करतोय, दोघांपुरती. एवढ्यात विसरलास?"

मी तिच्या खांद्याखाली हात घातला, तिला जवळ घ्यायला, धरून ठेवायला. रोज मला जिथे दात आवळून जोर लावावा लागतो, तिथे आज जोर लागलाच नाही. आत्या नुसती वर आली. तिच्याखालच्या चादरीवर एक सुरकुतीही नव्हती.

"मी असं काही म्हटलं नाही, आत्या," मी म्हणालो. मला रडू फुटत होतं. "आणि तिकडे जागा नाहीये. कुठेही जायचं नाही. इथेच राहायचं, माझ्याजवळ."

"चल, खोटारड्या," आत्या लाडाने म्हणाली. "नाही कशी? मी आत्ताच बघून आले."